दिराची चेन

राधाबाई गमरेंची गोष्ट आता आमच्या चाळीत वेगळीच सांगितली जाते. जयंतीच्या स्पर्धेत समोरच्याची सायकल स्वतःच्या हाताने दुरुस्त करून दिली, केवढं मोठं मन, वगैरे वगैरे. बक्षीस समारंभात मंडळाच्या अध्यक्षांनी माइकवर 'खिलाडूवृत्ती' हा शब्द इतक्या वेळा वापरला की मला उठून घरी जावंसं वाटलं. मी राधाबाईंची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. त्यांचं मन मोठं आहे हे खरं, पण त्या मोठ्या मनात सहा वर्षं काय भरून ठेवलं होतं ते मला विचारा. त्यांनी दिरावर डूख धरला होता. नुसता धरला नव्हता, रोज तेलपाणी घालून जपला होता. आणि लोक काही म्हणोत, मला तो डूख मनापासून पटला होता.

राधाबाईंचे यजमान भिवादादा. रस्ता चिंचपोकळी स्टेशनकडे वळतो त्या कोपऱ्यावर त्यांचं सायकल दुरुस्तीचं ठाण होतं. ठाण म्हणजे एक पंप, पत्र्याची पेटी आणि पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं. इडलीवाले, पाववाले, इस्त्रीवाले, टॉवरचे वॉचमन, सगळे त्यांच्याकडेच यायचे. माणूस मितभाषी. बायकोवरचं प्रेम बोलून दाखवणं त्यांना जमलं नसतं, म्हणून त्यांनी बायकोसाठी सायकल बांधली. सुटे भाग जमवून, काळी, मोठ्या चाकांची. राधाबाई बुटक्या, म्हणून सीट पार खाली घेतलेली. चाळिशी उलटलेल्या बाईला बंद गिरणीच्या मागच्या गल्लीत रविवारी सकाळी त्यांनी सायकल शिकवली. पोरं हसायची. भिवादादा मागून सीट धरून धावायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. पुढे राधाबाई त्याच सायकलवरून भायखळ्याच्या बाजारात जायच्या आणि हँडलला भाजीच्या पिशव्या अडकवून परत यायच्या.

भिवादादा काविळीने गेले, आठवड्याभरात. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, माणसं जेवायला बसली, आणि धाकटा दीर हर्षवर्धन उभा राहिला. हा परळला एका बिल्डरच्या ऑफिसात कामाला, राहायला आमच्याच चाळीत, पलीकडच्या इमारतीत. बोलायला गोड. चार वडीलधाऱ्यांसमोर म्हणाला, "दादाची आठवण म्हणून ही सायकल मी नेतो. वहिनी आता कुठे सायकल फिरवणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. पांढऱ्या साडीत मान खाली घालून बसलेली बाई अशा वेळी काय बोलणार होती? हर्षवर्धनने सायकल खाली नेली आणि तिथेच, भावाच्याच पेटीतला पाना मागून घेऊन, सीट वर चढवली. राधाबाई गॅलरीत उभ्या होत्या. दोन दिवस रडून त्यांचे डोळे सुजले होते, पण त्या क्षणी ते कोरडे झाले. सीट वर जाताना त्या बघत राहिल्या आणि आत येऊन मला म्हणाल्या, "मृणाल, ही सायकल मी परत आणणार. मागून नाही आणणार."

दुसऱ्या महिन्यात त्या पेटी घेऊन कोपऱ्यावर बसल्या. पंक्चर, ब्रेक, चेन, सगळं. नवऱ्याशेजारी बसून वर्षानुवर्षं पाहिलेलं हाताला लवकर आलं.

हर्षवर्धन एरवी त्या सायकलला हात लावत नसे. ती वर्षभर जिन्याखाली धूळ खायची. एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी मंडळ स्लो सायकलिंगची स्पर्धा घेतं, त्यापुरती ती बाहेर यायची. फक्कीच्या दोन रेघांमधून सायकल चालवायची, जो सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकला, पाय टेकला की बाद. हर्षवर्धन दर वर्षी जिंकायचा, कप उंचावायचा आणि म्हणायचा, "दादाचा आशीर्वाद." हे दोन शब्द ऐकले की राधाबाई ताटावरून उठायच्या. मी पाहिलंय.

यंदा मंडळाच्या बैठकीत विषय निघाला की बायकांना दर वर्षी लिंबू-चमचा आणि संगीत खुर्चीच का. राधाबाई मागच्या रांगेतून म्हणाल्या, "माझं नाव स्लो सायकलिंगमध्ये लिहा." हशा पिकला. हर्षवर्धनच्या हातात माइक होता, आणि माइक हातात आला की त्याला राहवत नाही. म्हणाला, "वहिनी, तू मला हरवलंस तर दादाची सायकल तुझ्या नावावर. सगळ्यांसमोर सांगतो."

राधाबाई म्हणाल्या, "सगळ्यांनी ऐकलं ना?"

स्पर्धेच्या दोन दिवस आधी मी कोपऱ्यावर त्यांच्याशी गप्पा मारत बसले होते, तर हर्षवर्धन ती सायकल ढकलत आला. सराव करताना चेन सारखी उतरत होती. तो दुसरीकडे जाऊन आला होता, पण नव्या दुकानांत गिअरच्या महागड्या सायकली, या जुन्या घोड्याला कोणी हात लावेना. शिवाय त्याला दाखवायचंही होतं की तो वहिनीला घाबरत नाही. "वहिनी, सगळ्यात चांगली चेन लाव," तो म्हणाला. "नाहीतर हरल्यावर लोक म्हणतील, मोडक्या सायकलवरही हरवलं वहिनीला."

राधाबाईंनी चेन पायडलजवळच्या चेनव्हीलवरून पुढे ओढून पाहिली. ती इतकी सुटली की आतला दात दिसला. मागचं चाक आधीच शेवटपर्यंत मागे ओढलेलं होतं, आता ताणायला जागा नव्हती. "चेन गेलीय, भाऊजी. मागचं फ्रीव्हीलही झिजलंय. नवी चेन जुन्या दातांवर उड्या मारते. दोन्ही बदलावं लागेल."

"बदल. संध्याकाळी नेतो."

"जुनी चेन पाहिजे?"

"ती काय करू? टाक भंगारात."

तो गेला आणि मी सरसावले. मला सायकलमधलं फार कळत नाही, पण चेनच्या लॉकचं तोंड उलटं लावलं तर ते निसटतं एवढं मी त्यांच्याकडूनच ऐकलं होतं. म्हटलं, "राधाबाई, देवाने दिलंय हातात असं म्हणायची आपल्यात पद्धत नाही, पण दिलंय खरं. लॉक उलटं लावा. भर मैदानात चेन गळून पडू दे मेल्याची."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अगदीच स्वस्तातलं बोलले. "आणि मग तो काय म्हणेल? वहिनीने दगा दिला. जन्मभर सांगत सुटेल. त्याला मी सांगायला काही ठेवणार नाही."

त्या बस पकडून काळबादेवीला गेल्या, मीही गेले. दुकानदाराने दोन चेनी पुढे टाकल्या. राधाबाईंनी एकेक चेन एका टोकाला आडवी धरली. पहिली कडेला लोंबली. दुसरी ताठ राहिली. "ही द्या," त्या म्हणाल्या. महाग तीच होती. परत आल्यावर जुनी चेन काढून नव्या चेनशेजारी अंथरली आणि कड्या मोजल्या. लांबीवर जायचं नाही म्हणाल्या, जुनी ताणलेली असते, फसवते. नवं फ्रीव्हील घातलं, चेन चढवली, लॉकचं तोंड चालीच्या उलट दिशेला, म्हणजे निसटणार नाही असं बरोबर ठेवलं, चाक फिरवून फिरवून पाहिलं. कुठे अडकत नव्हती, कुठे लोंबत नव्हती. मला नुसता राग येत होता. मी म्हटलं, "इतकं तर भिवादादांनीही केलं नसतं त्याच्यासाठी."

"केलं असतं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी हर्षवर्धन आला तेव्हा ठाणावर तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. राधाबाई मुद्दाम मोठ्याने बोलल्या, "भाऊजी, चेन एकदम घट्ट आहे. जुनीसारखी ढिली नाही. दोन दिवस रोज चालवा, पायाला सवय होऊ द्या."

"मला सायकल शिकवतेस काय?" तो हसला. पैसे दिले, सायकल नेली आणि जिन्याखाली कुलूप लावून ठेवली. स्पर्धेपर्यंत ते कुलूप निघालं नाही. निघणार नाही हे राधाबाईंना ठाऊक होतं. दिराला त्या लग्न होऊन आल्यापासून ओळखत होत्या, तेव्हा तो शाळेत होता आणि तेव्हाही कोणाचं ऐकत नसे.

ती जुनी चेन त्यांनी रॉकेलमध्ये धुतली आणि स्वतःच्या सायकलला चढवली. भंगारातल्या सांगाड्यावर बांधलेली ती एक तिरपागडी सायकल होती. म्हटलं, घट्ट तरी करा. तर मान हलवली. सकाळ-संध्याकाळ चाळीच्या मागे त्या ढिल्या चेनवर त्यांचा सराव चालला होता, आणि तो बघतानाच माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. ढिली चेन असली की पाय थोडा पुढे, थोडा मागे हलवता येतो आणि सायकल जागची हलत नाही. तोल सावरायला तेवढं पुरतं. हर्षवर्धन दर वर्षी जिंकत होता तो त्या ढिलाईवर. ती ढिलाई त्याच्या पायात बसली होती, आणि त्याला ते माहीत नव्हतं. भिवादादांचा आशीर्वाद म्हणून तो जे मिरवत होता ती भिवादादांची झिजलेली चेन होती. मी राधाबाईंना विचारलं, "हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"दर वर्षी त्याचे पाय बघते मी," त्या म्हणाल्या. "चेहरा बघवत नाही, म्हणून पाय बघते."

रविवारी कंपाउंडमध्ये निळे झेंडे, स्पीकर, गॅलऱ्या भरलेल्या. शिट्टी वाजली आणि सगळ्या सायकली डुगडुगत निघाल्या. पोरं भराभर बाद झाली. उरले दोघं, दीर-भावजय. हर्षवर्धनने नेहमीसारखा पाय पुढेमागे केला. पण त्या चेनमध्ये आता फुकटची जागा नव्हती. पाय जरा पुढे गेला की सायकल पुढे जायची. त्याने ब्रेक दाबला, तोल गेला, सावरायला पाय दाबला, सायकल आणखी पुढे. पाच मिनिटांपूर्वी गॅलरीकडे हात हलवणारा माणूस खाली पायांकडे बघायला लागला. एवढी चांगली सायकल त्याच्याखाली कधी चालली नव्हती. नवी चेन जरासुद्धा कुरकुरली नाही आणि तिने त्याला फक्कीच्या रेघेपार नेऊन सोडलं. पहिला पोचला. राधाबाई मागे, अर्ध्या मैदानात, ओठ घट्ट मिटून, पाय न टेकता सायकलवर तोल धरून होत्या. मी आयुष्यात एवढ्या जोरात शिट्टी वाजवली नव्हती.

हर्षवर्धन चेनकडे बोट दाखवून काही म्हणणार होता. पण त्या संध्याकाळी ठाणावर उभा असलेला इडलीवाला गर्दीतच होता. तो म्हणाला, "वहिनी तो बोली थी ना आपको, आदत डालो." हर्षवर्धनने बोट खाली घेतलं. अध्यक्षांचं ते खिलाडूवृत्तीवरचं भाषण झालं, कप मिळाला, आणि हर्षवर्धनला सगळ्यांसमोर सायकलची किल्ली द्यावी लागली.

लोकांना वाटलं, गोष्ट इथे संपली. राधाबाईंनी सायकल तिथेच मैदानात स्टँडला लावली आणि मला पेटी आणायला सांगितली. गॅलऱ्या अजून भरलेल्या होत्या. त्यांनी आधी पाना काढला आणि सीट खाली घेतली, जुन्या खुणेपर्यंत. नंतर खाली बसून नव्या चेनचं लॉक काढलं. आपल्या तिरपागड्या सायकलवरून जुनी चेन उतरवली आणि भिवादादांच्या सायकलवर परत चढवली. जुनी चेन नव्या फ्रीव्हीलच्या दातांवर उडेल हे त्यांना माहीत होतं, मलाही आता माहीत होतं. हाताला वंगण, कपाळाला घाम, घाई मात्र कसलीच नाही. हर्षवर्धनला जाताही येईना आणि थांबवतही नव्हतं.

शेवटी त्यांनी नवी चेन वर्तमानपत्रात गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली.

"ही तुमची, भाऊजी. दादाची आठवण माझ्याकडे राहू दे."