दाजीचा धुतलेला कोळसा

सांडपाणी शुद्ध करण्याच्या कारखान्यात त्याला सगळे दाजी म्हणत, अगदी साहेबसुद्धा. खरं म्हणजे तो दाजी एकट्या मेहुण्याचा; बायकोचा हा भाऊ तिथल्याच प्रयोगशाळेत पाणी तपासायचा. पण मेहुण्याने एकदा हाक मारली आणि ती खरजेसारखी पसरली. अख्ख्या कारखान्याने नातं लावलं म्हटल्यावर थट्टेला परवाना कशाला?

दाजीची ख्याती एकच. पाहुणे आले की शेवटच्या नळाखाली पेला भरायचा, उजेडाला धरायचा आणि घटाघटा रिकामा करायचा. पाहुणे टाळ्या वाजवत आणि दाजी वीतभर फुगे.

पुढे नवं यंत्र आलं. गावभर लोक तापाच्या, झोपेच्या, रक्तदाबाच्या, पाळणा लांबवायच्या गोळ्या खातात. त्यातलं बरंचसं पोटातून मोरीत आणि मोरीतून इथे येतं. जुन्या हौदातल्या जंतूंना ते पचत नसे. म्हणून आधी ओझोन वायू सोडून औषधांचे तुकडे पाडायचे आणि उरलंसुरलं माणूसभर उंचीच्या टाकीतल्या दाणेदार कोळशाने धरून ठेवायचं. या यंत्रावर एका माणसाला कायम करणार होते. दाजीचे केस रोजंदारीवर पिकले होते. त्याने मनातल्या मनात ती खुर्ची पुसून तिच्यावर बसूनही पाहिलं.

"ते पाणी पिऊ नका," बायको म्हणायची. "बायका मला विचारतात, तुझ्याकडे पाळणा कसा हलेल? गावच्या सगळ्या गोळ्या तुझाच नवरा पितो."

"त्यांच्या जिभेला हाड नाही. आणि आता कोळसा आहे की."

तर एकदा मोठे पाहुणे येणार असं ठरलं. कोळसा तोवर औषधं गिळून गच्च झालेला, बदलायलाच हवा होता. नव्याच्या गोण्या कोठारात तयार होत्या. पण नवा कोळसा सुरुवातीला काळी भुकटी सोडतो. काळं पाणी पाहुण्यांसमोर प्यायचं कसं? दाजीने डोकं लढवलं. जुनाच कोळसा उपसला, गरम पाण्यात डाळ चोळावी तसा चोळून धुतला आणि परत भरला. पाणी आलं ते काचेसारखं. स्वारी खूश.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मेहुण्याने ते पाणी तपासलं. ओझोनमधून निसटलेली औषधं कोळशातून जशीच्या तशी बाहेर चालली होती. दाजीकडे न जाता तो साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, "गप्प राहा. पाहुणे जाऊ देत."

पाहुणे आले, दाजी प्याला. साहेब हसून म्हणाले, "दाजी, आणखी एक होऊ द्या." तोही रिकामा झाला. मागच्या बाईंना दिसलं नाही म्हणून तिसरा.

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि साहेबांनी सगळ्यांना टाकीपाशी गोळा केलं. मेहुण्याने औषधांची नावं वाचून दाखवली.

"दाजी," साहेब म्हणाले, "आज तुम्ही गावाचा रक्तदाब प्यालात. आता तुम्हाला राग यायचा नाही."

लोक पोट धरधरून हसले.

"पाणी तर स्वच्छ दिसत होतं," दाजी म्हणाला.

"दिसून कळलं असतं तर यंत्र कशाला घेतलं असतं?" साहेब म्हणाले. " कोळसा भट्टीत तापवावा लागतो, बाबा. अंघोळ घालून भागत नाही."

यंत्र मेहुण्याला मिळालं, कायमची जागाही. दाजीने त्याला बाजूला गाठलं.

"तुला ठाऊक होतं?"

"सकाळपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही तरी कोळसा धुताना मला कुठे विचारलंत, दाजी?"

घरी बायकोला बातमी आधीच पोचली होती. भावासाठी तिने दार उघडं ठेवलं होतं. "जागा घरातच राहिली म्हणायची," ती म्हणाली आणि भावाचं ताट आधी वाढलं.

साहेबांनी दाजीला काढलं मात्र नाही. पाहुण्यांना तमाशा आवडला होता. पुढच्या खेपेला मेहुण्याने स्वतः पेला भरला, उजेडाला धरला आणि दाजीच्या हातात दिला.

"कोळसा नवा आहे ना?" दाजीने हळूच विचारलं.

"प्या," मेहुणा म्हणाला. "लोक थांबलेत."

दाजी प्याला.