ऑगस्टातला आयवार

त्रायांका माझ्या समोरच्या घरात सेहेचाळीस वर्षं राहतेय, आणि त्यातली निदान तीस वर्षं आमचं कशा ना कशावरून वाजलेलं आहे. कधी तिच्या कोंबड्या, कधी माझा अक्रोड. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल चार शब्द बरे बोललो तर शेजारधर्म पाळला असं कुणी म्हणायला नको.

बाई कामाला वाघ. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने सत्तावीस वर्षं घेवड्याचं कालवण ढवळलं, दिवसाला दोनशे पोरांचं. नवरा ब्लागोया जाऊन अकरा वर्षं झाली. एकुलता एक मुलगा झार्को व्हिएन्नात फरशा बसवतो. सून लिल्याना तिथेच एका दातांच्या दवाखान्यात स्वागताचं टेबल सांभाळते. नात इस्क्रा सतरा वर्षांची आहे. बोलायला गोड, पण सगळं बोलणं फोनकडे बघून.

माझ्याकडे मिरच्या दळायचं यंत्र आहे. स्ट्रूमित्साच्या आमच्या या बाजूला आयवाराशिवाय, म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्या दळून आटवलेल्या चटणीशिवाय, हिवाळा काढणारं घर नाही, आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या घरांच्या भाजलेल्या लाल मिरच्या माझ्या यंत्रातून जातात. त्यामुळे कुणाचा आयवार कसा, हे मला त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त कळतं. आणि मी ते तोंडावर सांगतो. लोक मला कुचकट म्हणतात. म्हणोत बापडे. पण आयवार चुलीवरून उतरवायच्या आधी मलाच बोलावून दाखवतात.

आमच्याकडे देवमातेचे दोन सण. थोरला अठ्ठावीस ऑगस्टला, धाकटा एकवीस सप्टेंबरला. धाकटा सण होईपर्यंत कुणी शहाणं माणूस आयवारासाठी चूल पेटवत नाही. रात्री गार व्हायला लागल्या की मिरचीचा गर जाड होतो. त्याआधी तिच्यात नुसतं पाणी असतं. म्हणजे दोन सणांच्या मधे साडेतीन आठवडे, आणि त्रायांकाचं सगळं दुखणं नेमकं त्या साडेतीन आठवड्यांत अडकलेलं. कारण झार्कोची मंडळी ऑगस्टच्या सुरुवातीला येतात आणि थोरल्या सणाला दुपारी गाडी काढतात. पोरीची शाळा असते. मग गल्लीतल्या परदेशी नंबरपाट्यांच्या गाड्या एकेक करून जातात, कोंबड्या पुन्हा रस्त्याच्या मधोमध लोळायला लागतात, आणि त्रायांका एकटी मिरच्या भाजते, एकटी सोलते, एकटी ढवळते आणि व्हिएन्नाच्या बसमधून बरण्या पाठवून देते. खायला तिघं, करायला एक.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी त्यांच्या अंगणात कलिंगड खात बसलो होतो. इस्क्रा सहज म्हणाली, "आजी, पुढच्या ऑगस्टात मी मैत्रिणींबरोबर समुद्रावर जाणार आहे. महिनाभर. मग नोकरीचं ट्रेनिंग सुरू होईल."

"जा की," त्रायांका म्हणाली आणि कलिंगडाची पुढची फोड कापली. फोडीऐवजी बिया-सालांची ताटलीच तिने माझ्यापुढे सरकवली, म्हणजे तिचं लक्ष कुठे होतं ते बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई माझ्या फाटकात हजर.

"लाझो, यंत्र काढून धू."

"कशाला?"

"परवा दळायचंय."

"ऑगस्ट चालू आहे, बाई. ऊन लागलं का तुला?"

"माझ्या डोक्याचं मी बघते. तू यंत्र धू."

"अगं, आताची मिरची म्हणजे पाणी! आयवार नाही, सूप होईल. बरणीत फसफसेल. गल्ली हसेल ती वेगळीच."

"मग तू माझ्या पोराला धाकट्या सणाला घेऊन येतोस का? आण. मी थांबते तोवर."

मी यंत्र धुतलं, पण आदळआपट करत.

सव्वीस तारखेला सकाळी त्यांच्या अंगणात लोखंडी चूल पेटली. आठवड्याच्या बाजारातून पन्नास किलो मिरच्या आल्या होत्या. रंगाने लाल, पण हातात घेतली की हलकी. मी कुंपणाशी उभा राहून कपाळाला आठ्या घालून बघत होतो.

झार्कोने फुशारकीने चूल पेटवली आणि पहिल्याच धुरात डोळे चोळत मागे सरला.

"व्हिएन्नात गॅस पेटवायची सवय," मी म्हणालो.

"काका, तुम्ही बघायला आलात की कामाला?"

"बघायला. काम तुमचं, चुकाही तुमच्या."

"मग आत येऊन बघा. तिथून ओरडलेलं मला ऐकू येत नाही."

मी आत गेलो. अर्ध्या तासात माझ्याही हातात मिरच्या होत्या. साल काळी पडेपर्यंत भाजायच्या, झाकणाच्या पातेल्यात घालून घाम फुटू द्यायचा, मग बोटांनी सोलायच्या. पाणी लावायचं नाही. पाणी लावलं की चव गेली. इस्क्रा नळाखाली धरून सोलते आहे हे त्रायांकाने तिच्याकडे पाठ असूनही ओळखलं.

"हात तोडीन!"

"आजी, भाजतंय गं!"

"भाजूदे. तुझ्या आईचे हात बघ, नखं रंगवलेली आहेत तरी सोलतेय."

"नखं गेली हो सासूबाई," लिल्याना म्हणाली. "सहाच दिवसांपूर्वी केली होती." पण ती हसत होती. कोपरापर्यंत लाल झालेली, केसात काळ्या सालीचा तुकडा, आणि हसत होती. लिल्यानाला हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं असेन.

हात बरबटलेले, त्यामुळे फोन कुणालाच उचलता येईना. बहुधा म्हणूनच माणसं एकमेकांशी बोलायला लागली. झार्कोने सांगितलं, की लहानपणी राखेत भाजायला ठेवलेले बटाटे त्याने चोरून खाल्ले आणि बापाने दिवसभर चोर म्हणून शेजारच्या कुत्र्याला शिव्या घातल्या. शेजारचं कुत्रं म्हणजे माझं. तीस वर्षं मला वाटत होतं की ते चोरटं आहे! इस्क्रा हसता हसता बाकावरून घसरली. त्रायांका फारशी बोलली नाही. ती नुसती एकेकाच्या हातातली सोललेली मिरची घेऊन कापडात टाकत होती आणि मधेच थांबून बघत होती. ऊन उतरलं, अंगणात जांभळट धूर रेंगाळला, आणि कुणीच आत जायची घाई केली नाही. संध्याकाळी कापड बांधून टांगलं. सकाळपर्यंत त्यातून अर्धी बादली पाणी गळलं. मी बादलीकडे बघितलं, त्रायांकाने माझ्याकडे बघितलं.

सत्तावीसला दळलं आणि दुपारी दोनला कढई चढवली. ढवळायला पाळ्या लावल्या. आयवार झाला की नाही हे ओळखायची एकच खूण: लाकडी डाव कढईच्या तळावरून ओढायचा. मागे वाट उघडी राहिली आणि तळ दिसत राहिला, तर झाला. वाट मिटली तर ढवळत राहायचं, हात मोडला तरी.

सहा वाजता वाट मिटत होती. नुसती मिटत नव्हती, डाव उचलायच्या आत मिटत होती. अजून तीन तास तरी हवे होते. आणि आठ वाजता तिघांना लिल्यानाच्या माहेरी निरोपाच्या जेवणाला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सण, म्हणजे चूल पेटवायची नाही. सकाळी देवळात, दुपारी गाडी. झार्कोने हात पुसले आणि घड्याळाकडे बघितलं.

"आई, तू ढवळ, आम्ही तोवर बॅगा भरून घेतो. मग निघतोच."

इस्क्राने अंगणातल्या टेबलावर ताटल्या मांडल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून. पाच ताटल्या. बापाचं बोलणं ऐकून ती एक ताटली हातात धरून तशीच उभी राहिली.

त्रायांका कढईवरून वर बघत म्हणाली, "लाझो, इकडे ये. झाला का बघ."

मी गेलो. तिने डाव ओढला. तळ दिसला आणि लगेच दिसेनासा झाला. लहान मूलही सांगेल, कच्चा. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. या गल्लीत मी भल्याभल्यांच्या कढया परत चुलीवर चढवायला लावल्या आहेत, माझ्या सख्ख्या बहिणीचीसुद्धा.

"झाला," मी म्हणालो.

"नक्की?" झार्कोने विचारलं.

"मला विचारतोस नक्की म्हणून? उतरव म्हणतोय ना!"

कढई उतरली. गरम गरम सोळा बरण्या भरल्या, आणि तळाशी राहिलेला आयवार पावाने पुसून खायला आम्ही पाचजण टेबलाशी बसलो. सणाच्या आधीचा उपास होता, म्हणून चीज नाही, अंडं नाही. पाव, आयवार, कांदा, टोमॅटो, ऑलिव्ह, आणि झार्कोला नि मला एकेक पेला राकिया, आमची फळांची घरगुती दारू. आयवार पातळ होता. पावावरून ओघळून मनगटापर्यंत येत होता, आणि इस्क्रा तो चाटत होती. चव बरी होती. खोटं कशाला बोलू, मी तीन तुकडे खाल्ले. माझ्या घरी माझ्यासाठी कुणी ताटली मांडून बरीच वर्षं झाली आहेत. लिल्याना म्हणाली, थोडा उशीर झाला तरी चालेल, आईला फोन करते. पण फोन तिने केला नाही, कारण पुन्हा तेच, हात बरबटलेले. पावणेआठला सगळे उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोळा बरण्या घेऊन गाडी निघाली. प्रवास पाण्यासारखा सरळ व्हावा म्हणून ओततात तसं त्रायांकाने गाडीच्या मागे तांब्याभर पाणी ओतलं आणि अंगण झाडायला घेतलं.

बरण्या सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी फुटल्या. व्हिएन्नात जेवणाच्या वेळी. आधी एक झाकण उडालं, मग त्याच्या धक्क्याने की कशाने, आणखी चार. लिल्यानाचं स्वयंपाकघर पांढरं होतं. तिने फोनवर ते दाखवलं, आणि त्रायांकाचे कान जड असल्यामुळे फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे गल्लीलाही सगळं कळलं. उरलेल्या बरण्या त्यांनी कचऱ्यात टाकल्या.

दोन आठवडे गल्लीला दुसरा विषय नव्हता. बेकरीत बायका विचारत, "काय त्रायांका, व्हिएन्नात तोफा डागल्यास म्हणे?" सत्तावीस वर्षं दोनशे पोरांना जेवू घातलेली बाई, खाली मान घालून पाव घेऊन यायची. मलाही लोकांनी विचारलं, "लाझो, तू होतास ना तिथे?" आणि मी म्हणालो, "मिरची ऑगस्टातली होती." तेवढंच. खोटं काही नव्हतं त्यात. पण ते बोलून घरी आलो आणि मला माझीच लाज वाटली. तिच्या बाजूने उभं राहायला हवं होतं, ते मी मूग गिळून बसलो.

धाकट्या सणाच्या दुसऱ्या दिवशी ती मिरच्या घेऊन आली. भाजून, सोलून, रात्रभर टांगून. गर असा की बोटाने दाबला तरी दबेना. एकटीनेच केलं होतं सगळं. बोटं काळी, डोळे धुराने लाल. मी यंत्राची वायर लावली, पण बटण दाबलं नाही.

"त्रायांका, त्या दिवशी मी खोटं बोललो. आयवार झाला नव्हता."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"कधी म्हणजे? डाव माझ्या हातात होता, लाझो. तीन तास कमी होता. मला कळणार नाही?"

मला राग आला. इतके दिवस मी आतल्या आत कुढत होतो ते काय उगाच? "मग मला कशाला बोलावलंस?"

"मी झाला म्हटलं असतं तर झार्कोने ऐकलं नसतं. आई, तू दमलीस म्हणून म्हणतेस, म्हणाला असता. स्वतः तरी ढवळत बसला असता, नाहीतर मला ढवळत ठेवून बॅगा भरायला गेला असता." तिने यंत्रात मिरच्या घातल्या. "तू म्हणालास की कुणी वाद घालत नाही. तुझ्याइतका कुचकट माणूस अख्ख्या गावात नाही."

"आणि मी नाही म्हणालो असतो तर?"

"तर ढवळलं असतं."

"बरण्या फुटणार हेही माहीत होतं?"

"नासणार हे माहीत होतं. लिल्यानाच्या भिंतीवर उडेल असं नव्हतं वाटलं." ती जरा हसली. "पण बसले की नाही सगळे? पावणेआठपर्यंत बसले."

मी बटण दाबलं, यंत्र घरघरायला लागलं, आणि लाल, दाट गराचा पहिला गोळा पातेल्यात पडला. चांगला होता. अशी मिरची दहा वर्षांत आली नसेल. मी तिला ते सांगितलं नाही. तिला दिसत होतंच.

सगळं दळून झाल्यावर पातेलं उचलायला मी तिला हात दिला. "पुढच्या ऑगस्टातही यंत्र धुऊन ठेवतो," मी म्हणालो. माझ्या तोंडून असं काही निघेल हे मलाच ठाऊक नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "पोरगी नसणार आहे. एकदाच करायचा होता तो."