घंटेला बांधलेलं फडकं

ताडकळसच्या आमच्या घरात घंटा एकच होती आणि तिला दोऱ्या तीन होत्या. पुढे अप्पांचं किराणा दुकान, मागे राहतं घर आणि मधे स्वयंपाकघराच्या दारावर टांगलेली ती पितळी घंटा. एक दोरी दुकानातल्या गादीशी, एक परसदाराला, एक बाजूच्या वखारीला. कुठलीही ओढली तरी वाजायची तीच आणि तशीच. त्यामुळे आईला एवढंच कळायचं की कुणीतरी बोलावतंय. ती आधी दुकानात डोकावायची. अप्पांनी नकारार्थी मान हलवली की परसदारी जायची, तिथेही कुणी नसलं की वखारीत. माणूस सापडला की आधी 'आले' म्हणायचं, हा घरचा नियम. काम मागाहून झालं तरी चालेल. 'आले' ऐकू येईपर्यंत अप्पा दोरी सोडायचेच नाहीत, आणि बाजाराच्या दिवशी तर त्या घंटेनं आमचं डोकं उठायचं.

पुढे कॉलेजात इंटरप्टचा धडा आला तेव्हा सगळा वर्ग जांभया देत होता आणि मला एकटीला घरच्या आठवणीनं भरून आलं. प्रोसेसर आपल्या कामात गुंतलेला असतो. बसवर, म्हणजे यंत्रांना जोडणाऱ्या सामाईक वाटेवर, एखाद्या यंत्राला काही सांगायचं झालं की ते इंटरप्ट देतं. दोरीच ओढतं म्हणा ना. एका तारेवर चार यंत्रं असली तर प्रत्येकाच्या ड्रायव्हरनं, म्हणजे ते यंत्र सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमनं, आपापल्या यंत्राला विचारायचं, बाबा रे, तू बोलावलंस का? नसेल तर बाजूला व्हायचं. असेल तर आधी पोच द्यायची, नाहीतर ते ओढतच राहतं, आणि मोठं काम मागाहून निवांत करायचं. सर फळ्यावर चौकोन काढत होते. मला पदर खोचून दुकानातून परसाकडे निघालेली आई दिसत होती. पुढे मी हे असले ड्रायव्हर लिहिण्यातच पोट भरू लागले, त्याचं मूळ बहुधा तिथेच असावं.

सकाळी थोडा वेळ मात्र घंटा मुकी असायची. आम्ही लिंगायत. अप्पा विभूती लावून, इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसले की त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. तेवढ्यापुरतं आई घंटेच्या लोलकाला पांढरं फडकं गुंडाळायची. पूजा संपली की पहिलं काम फडकं सोडायचं. तिची स्वतःची पूजा ती घर उठायच्या आतच उरकून घ्यायची. तिच्यासाठीही फडकं बांधावं, असं कुणाला सुचलं नव्हतं.

अप्पा यंदाच्या उन्हाळ्यात गेले. पूजेला बसले आणि बसल्या जागीच गेले. दुकान बंद झालं. मग दादाला पुण्यात शेजाऱ्यांचे फोन येऊ लागले, की आई कुणाला दार उघडत नाही, कुणाला ओ देत नाही. तिला ऐकू येईनासं झालंय, अशा बाईला एकटीला ठेवायचं नाही, घर विकून तिला पुण्याला आणायचं, असं दादानं ठरवून टाकलं. त्याच्या जिवाला घोर होता, हे खरं. आईला जायचं नव्हतं हेही खरं, पण ती वाद घालत नव्हती. जन्मभर शेंगदाण्याच्या भावावरून अप्पांशी भांडलेली बाई गप्प बसून होती, याचीच मला धास्ती वाटली. मी काम बरोबर घेऊन ताडकळसला आले.

अप्पांच्या गादीवर मी लॅपटॉप मांडला. शेजारी, ज्याचा ड्रायव्हर मी लिहीत होते त्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचं सर्किट बोर्ड ठेवलं. तो काटा थोडा वेळ नीट चालायचा आणि मग मुका व्हायचा. मी वायर बदलली, बोर्ड बदललं. काटा बिचारा वजन झालं की इंटरप्ट देतच होता, पण तो कुणी घेतच नव्हतं. माझी चिडचिड वाढत चालली. आई मात्र मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले तरी आतून उत्तर द्यायची. मग हिला ऐकू येत नाही म्हणजे काय?

एके दुपारी मागच्या घरची मावशी वळसा घालून दुकानाच्या दारात आली. हातात कढीपत्ता होता आणि तोंड फुगलेलं होतं.

"दोरी वढून वढून हात दुखायलाय माजा. तुजी आई वं देत न्हाई. आमी काय वाईट केलं तिचं?"

मी परसदारी जाऊन दोरी ओढली. दोरी शाबूत होती. आत येऊन पाहिलं तर घंटा अजून हलत होती, पण बिनआवाजाची. लोलकावर पांढरं फडकं होतं, धुरानं पिवळं पडलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुकान बंद म्हणून घंटाही बंद, असं मी धरूनच चालले होते.

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी फडक्याकडे बोट दाखवलं. तिचे हात थांबले.

"ते पूजेला बसले तवा बांधलं. सोडायचं म्हंजे पूजा झाली म्हणायचं. मला न्हाई म्हणवलं, बाई."

मी तिच्याजवळ बसून रडले. ती रडली नाही. भाकरी करपेल म्हणाली आणि मला उठवलं.

संध्याकाळी ड्रायव्हर पुन्हा वरपासून वाचला. वजनं एकदम येऊ लागली की तो काट्याचा इंटरप्ट बंद करून साचलेली वजनं वाचायचा, आणि शेवटी इंटरप्ट परत चालू करायचा. पण मधेच एखादं वाचन चुकीचं निघालं की तिथूनच माघारी फिरायचा. चालू करायची ओळ खाली तशीच राहायची. ती मी त्या माघारीच्या आधी घेतली. मग दादाला फोन करून सांगितलं की आईचे कान तुझ्यामाझ्यापेक्षा चांगले आहेत, घराचं राहू दे. तो म्हणाला, आईला फोन दे.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आई पूजेला बसली. मी जुनं फडकं सोडलं आणि तिच्यासाठी धुतलेलं बांधलं. तिनं एकदा वर पाहिलं आणि नजर तळहातावरच्या इष्टलिंगाकडे नेली. पूजा संपली तेव्हा मीच ते सोडलं आणि दुकानात कामाला बसले.

थोड्या वेळानं घंटा वाजली. आई जुन्या सवयीनं आधी दुकानाच्या दारात आली. गादीकडे पाहत उभी राहिली. मी मान हलवली, अप्पा हलवायचे तशी. ती वळली, आणि परसदारी पोचायच्या आतच मला तिचा आवाज ऐकू आला.

"आले."