खांद्यावरची हळद

प्रेमसिंगभाऊवर मी त्या दिवशी जेवढी चिडली, तेवढी घरच्या मानसावर बी कधी चिडली नसन. मी बेबीबाई. वाशिमजवळच्या एका कॉलेजात प्राण्याइची खोली हाये, तिथं आमी दोघं पिंजरे धुतो, चारा-पानी करतो. भाऊ पोहरादेवीकडच्या तांड्यावरचा. कामाले वाघ, पन सवाल इचारू इचारू डोकं खाते.

नीलिमा मॅडम तिथं टीबीच्या टीक्याचा, म्हंजे लसीचा, अभ्यास करून राह्यल्या. पांढरेशुभ्र गिनीपिग आनले. अर्ध्याइले टीका टोचला, अर्ध्याइले नुसतं मिठाचं पानी. टीकावाल्याइच्या खांद्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका देला. सारे मुद्दाम मिसळून ठेवले, कोनाले हवा जास्त, कोनाले कमी, असं नोको म्हणून.

"मॅडम, अंगाले कसं समजते, हा दुश्मन हाये म्हणून?" भाऊनं इचारलं.

मॅडम हासल्या. "टीक्यानं अंगाला टीबीच्या जंतूची ओळख होते. पोळा झाला की सगळ्यांच्या कातडीत त्याच जंतूचा निर्जीव अर्क टोचू. अंगानं ओळखलं तर तिथं गाठ येईल. ती मोजायची."

"अन् नाई वळखलं तं?"

"तर तेही कळेल."

भाऊ मंग त्या गाठीचीच वाट पाहून राह्यला. त्याचा सख्खा भाऊ दौलतसिंग टीबीनं गेला व्हता. लहानपनी टीका टोचला व्हता तरी गेला. काहून गेला, हे भाऊले जानून घ्याचं व्हतं. मले त्याची लय कीव ये.

तेवढ्यात खांदशेकणी आली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याले हळद-तूप चोळतात, सालभर राबला म्हणून, अन् दुसऱ्या दिवसाच्या जेवनाचं आवतन देतात. भाऊनं बैल कवाचेच इकले. मॅडम सुटीवर, मी दुपारीच घरी गेली. सकाळी येऊन पाह्यते तं, माय वं! साऱ्या गिनीपिगाइचे खांदे पिवळेधम्मक!

"हे काय करून ठेवलं, बह्याडा?"

"मानसासाठी सुया खाऊन राह्यले बिचारे. याइले कोनी आवतन देते का, बेबीबाई?"

"अन् तो ठिपका?"

भाऊचं तोंड एकदम उतरलं. त्यानं फडकं घेऊन एकाचा खांदा पुसला. हळदीसंगं ठिपक्याचाबी रंग गेला. दोन्हीबी पिवळे, काय कळनार व्हतं? मले वाटलं, याचं गेलं आता काम.

मॅडम आल्या तसं भाऊनं सोताहून सारं सांगतलं. त्या मटकन स्टुलावर बसल्या. साऱ्या अभ्यासाचं मातेरं झालं व्हतं.

मीच म्हटलं, "उद्या टोचा ना तो अर्क. ज्याले गाठ येईन तो टीक्याचा. हाये काय त्यात!"

"बेबीबाई, टीक्यानं गाठ येते का, हेच तर पाहायचं होतं. गाठीवरूनच टीका ठरवला, तर पाहिलं काय?"

बाप्पा, हे तं माह्या डोक्यातच नाई आलं.

"मी निवडून देतो," भाऊ म्हणे. "रोज चारतो, साऱ्याइले वळखतो." अन् दोन टोपल्या घेऊन निवडाले लागला. हा इकडे, तो तिकडे. मॅडमच्या तोंडावर जरा रंग आला. मीबी मनात म्हटलं, वाचला गडी.

शेवटाले दोन राह्यले. भाऊनं दोघंबी उचलले, उलटेपालटे केले, लय येळ पाह्यलं. मॅडम पेन घेऊन उभ्या.

"नाई मॅडम. या दोघाइचं मले समजून नाई राह्यलं." मंग टोपल्याइकडे पाहून म्हणे, "अन् खरं सांगू? त्यातले बी बरेच अंदाजानंच टाकले."

मी त्याले कोपरानं ढोसलं. चूप बस ना रे बावा!

मॅडम हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पक्कं म्हणाला असता तर मी मानलं असतं. कुणालाच कळलं नसतं."

"ठाऊक हाये मले." भाऊचे डोळे भरले. "माह्या भावाचंबी सारे अंदाजानंच सांगत राह्यले, मॅडम. कोनी म्हणे टीका खराब, कोनी म्हणे नशीब खराब. तुमी तरी अंदाजानं नोका सांगू."

मॅडमनं पेन खिशात टाकलं. दोन्ही टोपल्या सोताच उचलल्या अन् सारे गिनीपिग पुन्हा एका जागी सोडले.

"नवे गिनीपिग आणून पहिल्यापासून करू," त्या म्हणाल्या. "आणि भाऊ, उद्या सुटी घेऊ नका."