सहा बोटं नळी

"तुला काही सांगणं म्हणजे नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे!" ही म्हण आई मला दिवसातून दोनदा तरी ऐकवायची. पुढे मला नोकरी लागली ती नेमकी नळ्यांचीच. कोलकात्यात एस्प्लनेडजवळ बंदुका-रायफलींचं एक जुनं दुकान होतं. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. गोरी गिऱ्हाइकं बोटीत बसून गेली होती आणि त्यांच्या रायफली आता आपले साहेबलोक विकत घेत होते. मी काउंटरवर उभा राहून त्यांना शहाणपण शिकवायचो. वय बावीस, अक्कल बेताची, जीभ मात्र लांब.

खरं ज्ञान मागच्या खोलीत होतं. तिथे एक बंगाली मिस्त्री बसायचा. साठीचा, समोरचे दोन दात पडलेला. रोज हावड्याहून फेरीबोटीने यायचा. तीस वर्षं त्याच दुकानात, त्याच स्टुलावर. बोलताना उगीचच हसायची त्याला सवय होती. मी कोलकात्यातच जन्मलो, गल्लीतल्या पोरांबरोबर वाढलो, त्यामुळे आमचं सगळं बंगालीतच चालायचं. दोन वर्षं आम्ही रोज दुपारी मुरमुरे खात गप्पा मारल्या. त्यानेच मला नळीचं गणित शिकवलं. नळी लांब असली की दारूला जळून गोळीला ढकलायला वाव मिळतो, म्हणून वेग जास्त. आखूड केली की थोडी दारू बाहेरच भडकते, आवाज वाढतो, गोळी लांबवर खाली बसते. "पण नेम लांबीत नसतो, बाबू," तो म्हणायचा. "कापलेलं तोंड सरळ असेल तर आखूड नळीसुद्धा नेमकी मारते. फक्त माछी पुन्हा जुळवायला लागते." माछी म्हणजे नळीच्या टोकावरचं ते बारीक पातं, ज्यावरून नेम धरतात. नळी आखूड झाली की ते पातं डोळ्याच्या जवळ येतं आणि डोळ्याची लहानशी चूकही पुढे मोठी होते.

हे सगळं मला पाठ होतं. तरी मी शेण खाल्लं.

पुण्याहून बदलून आलेले एक सरकारी अधिकारी एके सकाळी दुकानात आले. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी काउंटरवर थाप मारली. "अरे वा! म्हणजे आपलाच माणूस की!" बस्स, मी विरघळलोच. यांच्या कचेरीत आपण चिकटलो तर आई पेढे वाटेल, एवढंच माझ्या डोक्यात घोळायला लागलं. त्यांच्याकडे वडिलांची जुनी, लांबलचक रायफल होती. उत्तरेकडच्या एका चहामळ्यात त्यांना शिकारीचं आमंत्रण होतं, आणि ही काठी जीपमध्ये आडवी येते, झुडपात अडकते, अशी त्यांची तक्रार होती.

"सहा बोटं नळी कापून टाकू, साहेब," मी म्हणालो. "उलट नळी ताठ होते, नेम सुधारतो."

"वेग कमी होतो म्हणतात ना रे?"

"छे हो! हरणाला काय कळतंय?"

ते खो-खो हसले. मला केवढा अभिमान वाटला!

मिस्त्रीने नळी सुरेख कापली, तोंड घासून आरशासारखं केलं. मग म्हणाला, माछी मी जुनीच बसवलीय, आता शहराबाहेर बजबजला नेऊन पाच गोळ्या मारू, कुठे लागतात ते बघू आणि मग त्याप्रमाणे माछी घासू. बजबजच्या पुढे मातीचा एक उंच बांध होता, आमच्या रायफली तिथे तपासून बघायचे. पण साहेबांची गाडी दुसऱ्या दिवशीची होती, आणि 'आज संध्याकाळी देतो' असं मी छातीठोकपणे सांगून बसलो होतो. मी म्हटलं, राहू द्या. नळी फुंकली सोनारे.

संध्याकाळी साहेब रायफल न्यायला आले. मिस्त्री मागच्या खोलीतून मुद्दाम बाहेर आला. हात पुसत, ते बोळकं हसू हसत तो त्यांना म्हणाला, "आगे चेष्टा कोरे देखुन, सर."

आधी एकदा प्रयत्न करून बघा, साहेब. एवढाच त्याचा अर्थ. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "काय म्हणाला हा? चेष्टा? माझी चेष्टा करतो? आणि वर दात काढतो?"

एक वाक्य पुरलं असतं हो. पण ते बोललो असतो तर त्यांनी विचारलं असतं, कसला प्रयत्न? मग न तपासलेली रायफल मी त्यांच्या हातात देत होतो हे उघडं पडलं असतं. माझी कात्रीसारखी जीभ चालली ती अशी: "सोडा हो साहेब. म्हातारा आहे, चळलाय जरा."

मिस्त्रीला मराठी कळत नव्हती. तो अजून हसतच होता.

आठवड्याने साहेब परत आले ते तणतणतच. चितळाच्या खांद्यावर नेम धरला होता, गोळी खाली बसली आणि पुढचा पाय मोडला. ते जनावर तीन पायांवर उंच गवतात शिरलं. दिवस मावळेपर्यंत रक्त शोधत हिंडले, सापडलं नाही. यजमानांपुढे शोभा झाली ती वेगळीच. दुकानाच्या मालकांच्या टेबलाशी उभं राहून ते इंग्रजीत कडाडले, की तुमच्या मिस्त्रीने काम बिघडवलं आणि वर माझ्या तोंडावर माझी टिंगल केली.

मालकांनी मला आत बोलावलं. "तू होतास ना तिथे? टिंगल केली त्याने?"

साहेब माझ्याकडे बघत होते. आपला माणूस! मी मान खाली घातली आणि म्हणालो, "हो."

रायफल तपासायची नाही असं कुणी ठरवलं, हे मला कुणी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही. मिस्त्रीची तीस वर्षं त्या एका 'हो'त संपली.

दुपारी त्याने आपल्या कानशी फडक्यात गुंडाळल्या. मी त्याच्याबरोबर घाटापर्यंत गेलो. का गेलो कोण जाणे, बहुतेक कबूल करायला. फेरीबोट लागत होती. तो थांबला आणि म्हणाला, "बाबू, तुमच्या भाषेत चेष्टा म्हणजे काय?"

"थट्टा," मी म्हणालो.

"अस्सं!" तो कपाळाला हात लावून हसला. मग त्याचं हसू थांबलं. दुकानात लागल्यापासून त्याला मी असं न हसता कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "मग तुमचा काय दोष? तुम्हीही मराठीच. तुम्हालाही ते तसंच ऐकू आलं असणार."

दोन वर्षं ज्याच्याशी मी रोज बंगालीत बोललो, तो माणूस मला हे सांगत होता. त्याला सगळं कळलं होतं. मला तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून त्याने ते कारण माझ्यापुढे धरलं होतं. तेव्हा तरी खरं बोलायचं की नाही? लाज वाटायला हवी होती रे गाढवा!

"हो," मी म्हणालो. "मला तसंच ऐकू आलं."

त्याने मान हलवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बोटीत चढला.