सायबाची डुकरं आणि कोंडाबाईचं रक्त

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लेकींना नाही, देवापुढंही तोंड उघडून नाही. अक्षरं मी नातवंडांच्या पाटीवर शिकले, त्यामुळं माझं लिहिणं काय न् बोलणं काय, एकच. ऐका — पण मध्येच "जाऊ द्या मावशी, वय लहान होतं" असं म्हणू नका. त्या बोलण्याची मला चीड येते.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतली गोष्ट. नवरा गेला, दोन पोरी पदरात, म्हणून मी कान्ह्याहून गाडीनं लोणावळ्याला एका सायबाच्या बंगल्यावर कामाला जायची. घरी सांगितलं होतं — झाडलोट, भांडी. खरं काम काय? डुकरं. सहा डुकरांना खरकटं घालायचं, त्यांची जागा धुवायची. शेतकऱ्याच्या घरची सून आणि डुकराला हात? कळलं असतं तर माझं ताट वेगळं झालं असतं, पोरींची लग्नं अडली असती. रोज स्टेशनाच्या नळावर हातपाय घासून मगच गाडीत चढायची.

एका थंडीत डुकरं खोकायला लागली. नाकं वाहत होती, खाईनात. चार दिवसांनी मी तापले, मग पोरी, मग सासूबाई, मग सगळी आळी. दोन म्हाताऱ्या गेल्या.

मग दोन डॉक्टर आले, एकाच टांग्यातून — एक माणसांचा, एक जनावरांचा. दीर म्हणाले, "आमची आई कुणाला दावायची, ते आधी ठरवा." सासूबाई म्हणाल्या, "म्हशीच्याला दाव. त्यो लाथ खाऊन बी गप ऱ्हातो."

दोघंही हसले. चांगली माणसं होती हो. लोकांच्या गुळण्या बाटलीत भरून बर्फात ठेवायचे. हा ताप डुकराकडून माणसाला येतो का, एवढंच त्यांना मिळून शोधायचं होतं. डुकरांचं रक्त घेऊन झालं होतं. आता डुकरांपाशी वावरलेलं माणूस हवं होतं. सायबानं सांगितलेलं, कान्ह्याकडची एक बाई येते. नाव? ते त्याला ठाऊक नव्हतं. सहाही डुकरांना त्यानं नावं दिली होती, आणि मी नुसती बाई. तोवर तो बदली होऊन गेलाही होता.

चावडीपुढं, सगळ्यांदेखत, डॉक्टरांनी मला विचारलं — तुम्ही लोणावळ्याला त्या बंगल्यावर जाता, तिथं डुकरांचं कोण बघतं? सासूबाई शेजारीच. आणि मी — मी म्हणाले, "ठाकरवाडीची कोंडाबाई."

कोंडाबाई, रानातली ठाकर बाई, गाडीला माझ्याच डब्यातून मोळी घेऊन यायची, बंगल्यावर सरपण टाकायची. मला डुकरांत उभी बघून तिनं कधी कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता.

तिला बोलावून आणलं. "न्हाई वो दादा, मी मोळी टाकते न् माघारी येते."

"ताप आला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई."

"लपवती," दीर म्हणाले. "ह्यांचं आसंच."

आणि सगळ्या माना हलल्या. पटकन. माझ्या शब्दाला कुणी पुरावा मागितला नाही, तिच्या शब्दाला कुणी किंमत दिली नाही. हे कुठलं गाव, हा कुठला न्याय? ती माझ्याकडं बघत होती. तरी माझं नाव तिनं घेतलं नाही — घेऊन ऐकलं कुणी असतं? डॉक्टरांनी तिच्या दंडाला फडकं आवळलं आणि रक्त काढलं.

पुढं गावानं तिची मोळी घेणं बंद केलं. ओढ्यावर पाणी भरू देईनात. दोन म्हाताऱ्या हिनंच मारल्या म्हणाले. उन्हाळा लागायच्या आत तिचं खोपट मोकळं झालं. घाटाखाली कोळशाच्या भट्टीवर गेली, असं ऐकलं. गावावर मी अजून चिडते. पण तोंड कुणाचं होतं?

एवढ्यावर थांबले असते, तर भ्याले होते म्हणाले असते. पण काही महिन्यांनी जनावरांचा डॉक्टर एकटाच घरी आला. म्हणाला, "ताई, कोंडाबाईच्या रक्तात त्या तापाची खूणच नाही. माझे जोडीदार डॉक्टर म्हणतात, डुकरांची ही वाट सोडू. दुसरं कुणी होतं का? नाव कुठं फुटणार नाही."

सासूबाई मळ्यात, पोरी शाळेत. ओसरीवर तो आणि मी. मी नुसता हात पुढं करायचा होता. दोघांची मेहनत मार्गी लागली असती, कोंडाबाईवरचा डाग पुसला असता. कुणाची भीती होती मला तेव्हा?

"तीच व्हती," मी म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

त्यानं वही मिटली. मी गुळाचा चहा केला. तो पिऊन म्हणाला, चांगला झालाय, आणि टांग्याकडं गेला.