दोन दिवसांची दुभाषी

चर्चच्या त्या कॉन्फरन्सला खरं तर माझा नवरा जाणार होता, त्याच्या आईला घेऊन. शुक्रवारी दुपारी त्याच्या ऑफिसने त्याला अचानक गुवाहाटीच्या दौऱ्यावर पाठवलं आणि विमानतळावरून त्याचा फोन आला, "तू जाशील ना आईबरोबर? दोनच दिवस आहेत." तेव्हा मी ऑफिसात संसदेतल्या एका प्रश्नाचं उत्तर तिसऱ्यांदा दुरुस्त करत होते. शनिवार-रविवार मला फक्त झोपायचं होतं. पण वाद घालायलाही सवड नव्हती, म्हणून हो म्हटलं.

मी पुण्याच्या हिंदू घरातली, नवरा नगरच्या ख्रिस्ती घरातला. लग्नाला बावीस वर्षं झाली. तो रविवारी चर्चमध्ये जातो, मी दिवाळीला आकाशकंदील लावते, आणि या विषयावर आमच्याकडे कोणी फारसं बोलत नाही. सासूबाई नगरला शाळेत मराठी शिकवायच्या. दीड वर्षापूर्वी सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आल्या. नवऱ्याच्या चर्चमधली उपासना इंग्रजीत आणि हिंदीत. "मला हिंदी कळत नाही," असं त्यांनी पहिल्याच रविवारी जाहीर केलं होतं. तेव्हापासून नवरा शेजारी बसून त्यांना कानात सगळं मराठीत सांगायचा. ते काम आता माझ्याकडे आलं.

शनिवारी सकाळी साडेआठला टॅक्सीने आम्ही गुरुग्रामच्या पुढे, सोहना रोडवरच्या एका आवारात पोचलो. फेब्रुवारी संपत आला होता, तरी उन्हात ऊब नव्हती. सासूबाईंनी सुती साडीवर स्वेटर, शाल आणि पायांत मोजे घातले होते. नोंदणीच्या टेबलावर मला जो बिल्ला मिळाला त्यावर नवऱ्याचं नाव छापलेलं होतं. ते खोडून माझं लिहिलं. मग एका मुलीने माझ्या गळ्यात पिवळी फीत अडकवली. पहिल्यांदा येणाऱ्यांना ती देतात.

त्या फितीने माझा घात केला. हॉलच्या दारापर्यंत पोचेतो पाच जणांनी माझा हात हातात घेऊन स्वागत केलं. आमच्या गटाच्या प्रमुख होत्या फरीदाबादच्या एक बाई. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, माझ्याच वयाच्या, हसतमुख. त्यांनी विचारलं, "आप कौन से चर्च से हैं?" मी सरळ सांगून टाकलं की मी हिंदू आहे, सासूबाईंना सोबत म्हणून आले आहे. मला वाटलं, त्यामुळे विषय संपेल. बाईंचे डोळे चमकले. त्यांनी माझा दुसराही हात धरला.

आत गाणी सुरू झाली. ड्रम, दोन गिटार, पडद्यावर शब्द. पाऊण तास सगळे उभे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून मी खुर्ची पुढे सरकवली, तर म्हणाल्या, "स्तुती चाललेली असताना बसायचं नसतं." मग माझ्या खांद्यावर भार टाकून त्या उभ्या राहिल्या आणि दर ओळीला विचारू लागल्या, "काय म्हणाले?" एवढ्या आवाजात कानाशी ओरडावं लागत होतं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं.

मग प्रवचन. वक्ते इंग्रजीत बोलत, शेजारी एक जण हिंदीत सांगे, आणि त्या दोघांच्या मागून मी कुजबुजत मराठीत. त्यातून सासूबाई जन्माच्या शिक्षिका. मी 'मुक्ती' म्हटलं की त्या म्हणत, "तारण." मी 'भविष्य सांगणारा' म्हटलं, त्या म्हणाल्या, "संदेष्टा म्हणतात त्याला. ज्योतिषी आहे का तो?" एकदा मला योग्य शब्द सुचला नाही आणि मी 'देवाचे उपकार' म्हणून वेळ मारून नेली. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "कृपा म्हण. उपकार काय म्हणतेस, शेजारणीने वाटीभर साखर दिल्यासारखे?"

साखरेचा तर वेगळाच ताप होता. त्यांना मधुमेह आहे आणि तिथला चहा म्हणजे पाक. प्रत्येक चहाच्या वेळी मी मागच्या भटारखान्यात जाऊन फिक्या चहासाठी रांगेबाहेर विनवण्या करायची. तो घेऊन येईपर्यंत माझ्या खुर्चीशेजारी फरीदाबादच्या बाई बसलेल्या असायच्या. जेवतानाही त्याच. माझ्या मनाला शांती आहे का, असं त्यांनी राजमा वाढून घेताना विचारलं. मी म्हटलं, आत्ता नाही. त्यांनी ते अगदी मनावर घेतलं आणि तिथेच, ताट हातात धरून, डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना केली. माझ्या मागे रांग खोळंबली होती. बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला दिसत होतं. त्यामुळे चिडताही येईना, आणि तेच जास्त असह्य होत होतं.

रात्री मुक्कामाच्या खोलीतला गीझर चालत नव्हता. सासूबाई "देवाने सुरेख दिवस दिला," म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपल्या. पहाटे सव्वापाचला त्यांनी मला हलवलं. प्रार्थना सहाला होती.

रविवारी नाश्त्यानंतर स्त्रियांच्या गटांची बैठक झाली. आम्ही बारा जणी गोल करून बसलो. बाई म्हणाल्या, प्रत्येकीने आपापल्या भाषेत प्रार्थना करावी. सासूबाईंची पाळी आली तेव्हा त्या मला म्हणाल्या, "मी मराठीत करते. तू त्यांना हिंदीत सांग." माझा घसा एव्हाना पार बसला होता. आता उलटा अनुवाद.

त्यांनी पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले. निवाऱ्यासाठी, अन्नासाठी देवाचे आभार मानले, प्रवासातल्या मुलाला सांभाळ म्हणाल्या. मी वाक्यामागून वाक्य हिंदीत सांगत गेले. मग त्या म्हणाल्या, "प्रभू, माझी ही सून. ही तापट आहे."

मी सांगितलं, "मैं अपनी बहू के लिए प्रार्थना करती हूँ."

त्या थांबल्या. डोळे मिटलेलेच. "तापट राहिलं," हळूच म्हणाल्या.

मी म्हटलं, "बहू का स्वभाव थोड़ा तेज़ है."

"थोडं मी म्हटलं नव्हतं."

मी पुन्हा सांगितलं, 'थोड़ा' वगळून. दोघीतिघींनी डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलेलं मला दिसलं. माझे कान तापले होते.

सासूबाई पुढे बोलतच होत्या. "यांच्या शेवटच्या आजारपणात ही रजा टाकून सहा आठवडे नगरला राहिली. रात्र रात्र बसली. तेव्हा माझ्यावर दोनदा ओरडलीही. मी दोन्ही गोष्टी विसरलेले नाही." मी ते सांगितलं. आवाज जरा घोगरा झाला, पण तो आदल्या दिवसापासूनच तसा होता.

"बावीस वर्षांत मी हिला तुझ्या दारी ये म्हटलं नाही. चुकलं असेल तर मला क्षमा कर. पण इथे आल्यापासून सगळे हिच्या मागे लागलेत, ते मला बरं वाटत नाही. तुला बोलवायचं तर तू बोलव."

फरीदाबादच्या बाई बरोबर समोर बसल्या होत्या. हे वाक्य गाळावं, असं क्षणभर वाटलं. पण गाळलं तर पकडली जाणार, हे कळून चुकलं होतं. मी शब्दाला शब्द सांगितलं. सगळ्या जणी 'आमेन' म्हणाल्या. बाई सगळ्यांच्या मागून म्हणाल्या.

बाहेर लॉनवर आल्या आल्या मी म्हटलं, "आई, तुम्हाला हिंदी कळते."

"थोडं कळतं. टीव्ही बघते ना मी."

"मग दोन दिवस मी घसा फोडून काय करत होते?"

"ते लोक फार लांबवतात. तू सांगतेस ते थोडक्यात असतं. बरं पडतं." एवढं बोलून त्यांनी शाल नीट केली. "चहा आणतेस का? घाई नाही."

मी चहा आणून दिला. दहा अनोळखी बायकांसमोर माझा स्वभाव माझ्याच तोंडून वदवून घेतला, याचा मला भयंकर राग आला होता. त्याच दमात त्या आजारपणाबद्दल जे बोलल्या होत्या, ते त्यांनी मला दीड वर्षात एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. त्याचं काय करावं ते मला सुचेना, म्हणून मी रागच धरून ठेवला. शेवटच्या उपासनेला मी मागे, दाराजवळ बसले. पुढे सासूबाईंशेजारी फरीदाबादच्या बाई बसल्या होत्या आणि त्यांना सावकाश हिंदीत काहीतरी समजावत होत्या. सासूबाई मान डोलावत होत्या.

परतताना सोहना रोडवर ट्रॅफिक तुंबलं होतं. घरी यायला अडीच तास लागले. सासूबाई पूर्ण वेळ माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या होत्या, आणि मला हात हलवता येत नव्हता.

मंगळवारी ऑफिसात मीटिंगच्या मध्येच बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "मैंने आपको परेशान किया हो तो माफ़ कीजिए." मी नाही नाही म्हटलं, जे खोटं होतं. मग त्यांनी सासूबाईंचा नंबर मागितला.

आता दर मंगळवारी संध्याकाळी त्या दोघी अर्धा तास बोलतात, फोन स्पीकरवर टाकून. सासूबाईंच्या हिंदीत लिंगं सगळी चुकतात आणि निम्मे शब्द मराठी असतात, पण बाईंना सगळं कळतं असं दिसतं. मध्येच सासूबाई मला हाक मारतात, "अगं, गुडघ्याला हिंदीत काय म्हणतात?" मी भाजी चिरता चिरता सांगते. दोन मिनिटांनी त्या पुन्हा विचारतात.